देवाजवळ ठेवलेला कागद



'दप्तर' हा शब्द आपण शाळकरी मुलाच्या पाठीवर अडकवला आणि मोकळे झालो. मुळात तो ग्रीक भाषेतला, 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत असत, म्हणून लेखनसाहित्याला ते नाव पडले. पुढे फारसीच्या हातून राज्यकारभाराच्या वाटेने तो शब्द मराठीत आला आणि येथे 'कागदपत्रांचा संग्रह' या अर्थाने मुरला. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे गठ्ठे ज्या कापडात बांधलेले आहेत, त्यांना 'रुमाल' म्हणतात. तोंड पुसायच्या वस्त्राचे नाव इतिहासाच्या वेष्टनाला मिळाले. हिंदीने याच कामासाठी दुसरा फारसी शब्द घेतला, 'बस्ता', म्हणजे बांधलेले. गंमत अशी की तिकडेही त्या शब्दाचे पुढे शाळकरी पोराचे ओझे झाले. कन्नडमध्ये फाइलीला 'कडत' म्हणतात. कोळशाची पूड आणि चिंचोक्याची खळ लावून काळ्या केलेल्या ज्या कापडी घडीवर पूर्वी हिशेब लिहीत, तिचे ते नाव. तीन भाषांनी कागद जपण्यासाठी तीन शब्द जपले. मात्र मराठीत 'दप्तरी दाखल करणे' आणि हिंदीत 'ठंडे बस्ते में डालना' याचा अर्थ एकच होतो: पुन्हा उघडायचे नाही. जपण्याचे आणि गाडून टाकण्याचे शब्द एकच असावेत, याचे मला फार दिवस आश्चर्य वाटत आले आहे. गेल्या हिवाळ्यात इंदूरला ते आश्चर्य माझ्याच अंगावर आले.

इंदूरला माझी आत्या राहते. १९६२ साली ती खानापूर तालुक्यातून लग्न होऊन तिकडे गेली. तिचे घर बड्या गणपतीच्या मागच्या एका गल्लीत आहे. मल्हारगंजाकडून येताना डाव्या हाताला की उजव्या, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गणपती विचारला की कोणीही पोहोचवतो. मूर्ती पंचवीस फूट उंच. पंडित नारायण दाधीच यांनी ती उभी केली आणि १९०१ साली काम पूर्ण झाले. विटा, चुना, निरनिराळ्या क्षेत्रांची माती, गूळ आणि मेथीदाणे हे तिचे साहित्य. वर्षातून चार वेळा तिला तूप-शेंदराचा चोला चढतो आणि एकेका चोल्याला पंधरवडा लागतो. मी गेलो तेव्हा परात घेतलेला माणूस शिडीवर उभा होता आणि सोंडेपर्यंतच पोहोचला होता. आत्या म्हणाली, "अरे, हा आपला मुन्शी आहे ना! व्यासांनी सांगितलं, ह्यानं लिहिलं. तुझ्या आतोबांचा देव."

आतोबा खरोखरच मुन्शी होते. एका वकिलाकडे त्यांनी चाळीस वर्षे टंकलेखन केले, इंग्रजी आणि हिंदी दोन्ही यंत्रांवर. घरी मराठी, कचेरीत हिंदी, अर्जात इंग्रजी. मध्य प्रदेशात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. त्यांतील बहुतेकांचे आयुष्य असेच तीन खणांत वाटलेले असते आणि त्याबद्दल ते कुरकुर करत नाहीत. आतोबा जाऊन आता सतरा वर्षे झाली. जेवण झाल्यावर आत्याने अलमारीच्या वरच्या फळीकडे बोट दाखवले. "तो निळा बस्ता काढ. बेळगावचा आहे. तू आलास की द्यायचा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तू आलासच कुठे!"

येथे मला एक कबुली द्यावी लागेल.

माझ्या वडिलांचे, अण्णांचे, गावात किराणा मालाचे दुकान होते. सीमालढ्यात त्यांनी कधी भाषण केले नाही. त्यांचे काम लिहिण्याचे. कोणाला कळत नाही अशा भाषेत नोटीस आली, कोणाच्या मुलांचा मराठी वर्ग पटसंख्येचे कारण सांगून बंद झाला, कोणाला मोर्चाहून परतताना मार बसला, की ती माणसे संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसत आणि अण्णा लिहून घेत. तारीख, वेळ, कोण होते, कोणी पाहिले. वही उधारीचीच असे. मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली. २००३ साली अण्णा गेले. २००५ साली मी जुने घर पाडून नवे बांधायला काढले आणि माळ्यावरच्या तीन ट्रंका रद्दीत घातल्या. एकोणीस किलो भरले. पैसे किती आले ते आठवत नाही; वजन आठवते. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ मध्ये. म्हणजे पुराव्याची गरज निर्माण झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, लढ्यात असल्याचे सांगणाऱ्या मुलाने पुरावा तराजूत टाकला होता. पुढे कागद गोळा करणारे कार्यकर्ते घरी आले, त्यांना मी चहा दिला.

तेव्हा तो निळा बस्ता उघडताना माझे हात का थरथरत होते, हे वाचकांना सांगायला नको.

आत होती अण्णांची अठ्ठावीस पत्रे, पाच निवेदनांच्या इंग्रजी कार्बन प्रती, तीन पोस्टाच्या पोचपावत्या आणि १९८८ सालच्या एका निवेदनाला जोडलेल्या अकरा जबान्या, अण्णांच्या हातच्या, मराठीत. निवेदन भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या नावे होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-ब घटनेत आले आणि हे पद निर्माण झाले; कार्यालय तेव्हा अलाहाबादला होते. आयुक्तांचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि तेथून संसदेपुढे जातो. अण्णा मराठीत लिहीत आणि आतोबांकडे पाठवीत. आतोबा इंग्रजी करून टंकलिखित करीत आणि अलाहाबादला रवाना करीत. खरे पाहता याची गरज नव्हती. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अण्णांना ते पाठ होते. एका पत्रात ते लिहितात की हक्क आपल्या भाषेत मागावा हे खरे, पण वाचणाऱ्याला वाचता आला पाहिजे, म्हणून दोन्ही पाठवा. मला हा व्यवहार पटतो. कन्नड भाषेशी आपले भांडण नाही, तसे इंग्रजीशीही नाही.

आता त्या जबान्यांतली एक. वर नाव नाही, फक्त 'बाई, क्र. ४'. तिच्या जमिनीसंबंधी एका कार्यालयाची नोटीस आली होती, आणि ती केवळ कन्नडमध्ये होती. अण्णांनी तिचे शब्द तसेच उतरवले आहेत: "कागूद आला, पन त्यो काय म्हंतोय ते कुनालाच उमगंना. पोरगं म्हनलं, ठेव देवाजवळ. मी ठेवला देवाजवळ. रोज हळदकुकू लावलं. तारीख निघून गेली."

कार्बन प्रतीत याचे एक वाक्य उरले आहे. त्याचे मराठी करायचे तर असे होईल: नोटिशीची भाषा अवगत नसल्यामुळे संबंधित व्यक्ती नियत दिनांकास उपस्थित राहू शकली नाही.

वाक्य चुकीचे नाही. कायद्याला जे लागते ते त्यात सगळे आहे. ज्या भागात अल्पसंख्याकांची संख्या १५ ते २० टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत, हे केंद्राच्या संरक्षणयोजनेत १९५० च्या दशकापासून लिहिलेले आहे. त्या कलमात ते वाक्य नेमके बसते. पण त्यातून बाई निघून गेली आहे. सरकारी कागद म्हणजे काहीतरी मोठे, भीतीचे, म्हणून तो देव्हाऱ्यात ठेवणारी; जी अक्षरे वाचता येत नाहीत त्यांना रोज हळदकुंकू वाहणारी बाई. भाषेच्या सक्तीने माणसाचे काय होते, हे मी तीस वर्षे भाषणांतून सांगत आलो आणि त्या पाच वाक्यांइतके मला कधी सांगता आले नाही.

आतोबांनाही ते जाणवले असावे. अण्णांच्या एका पत्रात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, त्यावरून प्रश्न कळतो. 'देवाजवळ ठेवला' हे इंग्रजीत कसे लिहू, असे आतोबांनी विचारले होते. साहेब हसतील, अशी त्यांना धास्ती होती. अण्णांचे उत्तर दीड ओळीचे: जमेल तसे लिहा, पण मूळ पान टाकू नका. आतोबांनी पान टाकले नाही. म्हणून आज ते आहे.

आपल्या लढ्याच्या कागदांचा विचार करताना महाजन आयोगाचे आकडे पाहावेत. आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. त्यातले २६४ आणि २४७ हे आकडे सीमाभागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात: इतकी गावे महाराष्ट्राला, इतकी कर्नाटकाला. त्याच आयोगाकडे २,२४० निवेदने आली होती आणि आयोगाने ७,५७२ लोकांच्या भेटी घेतल्या होत्या. हे आकडे किती जणांना ठाऊक आहेत? आणि त्या ७,५७२ माणसांनी आपल्या तोंडाने काय सांगितले, याची एक तरी प्रत आपल्यापैकी किती घरांत आहे? अहवालाविरुद्ध आपण पन्नास वर्षे बोललो. अहवालाच्या पोटात गेलेल्या आपल्याच माणसांची वाक्ये मात्र आपण राखली नाहीत. हुतात्म्यांची नावे आपण विसरलो नाही, कारण १७ जानेवारीला आणि १ जूनला ती उच्चारली जातात, हिंडलग्याला स्मारक आहे. पण ज्याचा हात मोडला, ज्याच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि बारा वर्षे तारखा पडल्या, ज्या मुलीची शाळा सुटली, त्यांना स्मारक नसते. त्यांना फक्त वही असते.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली आले. हिंदी भाषक, हुकुमचंद मिलचे जुने कामगार. बस्ता पसरलेला पाहून ते काही न बोलता वर गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले स्वतःचे जुने ओळखपत्र घेऊन आले. ती मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली, तेव्हा ५,८९५ कामगार होते. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या देण्याची रक्कम २२९ कोटी ठरवली. मोठा हप्ता, २२४ कोटींचा, मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत दोन हजारांहून अधिक कामगार गेले. या सर्व काळात कामगार दर रविवारी मिलच्या फाटकाशी जमत राहिले. मी त्यांना विचारले, दर रविवारी जमून करायचे काय? ते म्हणाले, कोण आले, कोण गेले, कोणाचा वारस कोण, कोणाचा कागद कमी आहे, हे बोलायचे. मला वाटते मिलचा खटला कोर्टात जितका चालला तितकाच फाटकाशी चालला. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झाँक्या निघतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात. रविवारच्या त्या बैठकांची कोण काढणार? पण पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मेलेल्या माणसाची बायको हीच, हे सिद्ध करायला उपयोगी पडले ते पिशवीतले ओळखपत्र.

जगात ज्यांनी हे काम नीट केले, त्यांच्यात चिलीमधली एक संस्था मला नेहमी आठवते. लष्करी हुकूमशाहीच्या काळात, १९७६ मध्ये, सांतियागोच्या कार्डिनलनी 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' सुरू केली. नवरा, मुलगा, भाऊ बेपत्ता झालेले लोक तेथे येत. वकील आणि समाजसेविका त्यांचे म्हणणे लिहून घेत, अर्ज दाखल करीत आणि त्याची प्रत ठेवीत. त्या काळात बहुतेक अर्ज न्यायालयांनी फेटाळले. त्या दिवशीचा हिशेब मांडला तर काम फुकट गेले. १९९० मध्ये राजवट गेली, सत्यशोधन आयोग बसला, तेव्हा त्याच्या हाती या फेटाळलेल्या अर्जांच्या प्रती आल्या. २००३ मध्ये युनेस्कोने चिलीच्या मानवी हक्क संग्रहांना 'जगाची स्मृती' नोंदीत स्थान दिले. नामंजूर अर्जाची प्रत ठेवायची असते, हे अण्णांना चिलीचे नावही न ऐकता समजले होते. पोचपावत्या त्यांनी इंदूरला का पाठवून दिल्या, याचा उलगडा मला आता होतो: एका घराला आग लागली, पूर आला किंवा झडती झाली तर दुसऱ्या घरी राहावे. मुलगाच रद्दीत घालील, हे त्यांच्या हिशेबात नसावे.

मराठीतही एक उदाहरण आहे आणि ते इंदूरपासून फार लांबचे नाही. नर्मदेच्या सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गावे बुडाली. त्या आंदोलनात बारा वर्षे काम केलेल्या नंदिनी ओझा यांनी पुढे आंदोलनातल्या माणसांच्या दीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्या मुलाखतींतून 'लढा नर्मदेचा' हे पुस्तक २०१७ मध्ये मराठीत आले. आंदोलनाचा इतिहास नेत्यांच्या मुलाखतींत आणि न्यायालयाच्या निकालात असतोच. येथे तो गाव सोडाव्या लागलेल्यांच्या तोंडून आहे. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की आवाज मुद्रित राहिला. पुस्तकात कोणता शब्द प्रमाण मराठीत बसवला, हे उद्या कोणालाही मूळ ऐकून ताडता येईल. कार्बन प्रतीतील बाईला ती सोय नव्हती. तिला ती आतोबांच्या फळीने दिली.

एका गोष्टीने मात्र इंदूरच्या त्या रात्री मला झोप लागली नाही. जबान्यांवर नावे नाहीत, क्रमांक आहेत. अण्णांनी ते जाणून केले होते. तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून पाठवायच्या कागदावर क्रमांक आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी वेगळ्या वहीत, आपल्याजवळ. शहाण्याची रीत आहे ही. आजही असेच करावे. पण ती वही त्या एकोणीस किलोंत गेली. म्हणजे इंदूरने जबान्या राखल्या आणि मी त्यांची नावे विकली.

परत आल्यावर मी आधी कागदांची व्यवस्था केली. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण अनेकांच्या माळ्यावर अजून ट्रंका असतील. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाका. गंज कागद खातो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा सुटत नाही. जुन्या फॅक्सचा गुळगुळीत कागद असेल तर आजच त्याची झेरॉक्स काढा, त्यावरची अक्षरे आपोआप उडतात. सुती कापडात बांधा. आपल्या पूर्वजांचा रुमाल त्या बाबतीत प्लास्टिकपेक्षा शहाणा होता. फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवले म्हणजे जतन झाले असे समजू नका. तेथे चित्र आक्रसते आणि कोणत्या दिवशीचे, कोणी काढलेले हे हरवते. फाइलीच्या नावात तारीख, गाव आणि विषय घाला. मूळ भाषेतले पान आणि त्याचे भाषांतर एकत्र ठेवा, मूळ वर. आणि एक प्रत गावाबाहेर, शक्यतो दुसऱ्या राज्यात, एखाद्या आत्याकडे.

मग मी त्या अकरा जबान्या घेऊन आसपासच्या वाड्यांवर फिरू लागलो. नावे विचारत नव्हतो. ओसरीवर बसायचे, वाचून दाखवायचे. पहिल्या दोन महिन्यांत लोकांनी ऐकून घेतले, पाणी दिले, एवढेच. सदतीस वर्षांत ऐकणारी माणसेही निम्मी राहिली होती. फेब्रुवारीत एका घरी क्रमांक चार वाचत होतो. चुलीपाशी एक तरुणी भाकऱ्या करीत होती. "पोरगं म्हनलं, ठेव देवाजवळ," इथपर्यंत आलो आणि ती थापायची थांबली. पुढचे वाक्य माझ्याआधी तिनेच म्हटले, हळदकुंकवासकट. "ही आमची आजी," ती म्हणाली. "मरेपर्यंत सांगायची. तो कागूद अजून आहे की."

देव्हाऱ्यातून तिने तो आणला. घडीवर कुंकवाचा थर इतका जाड होता की शिक्का दिसत नव्हता. नोटीस मी उलगडली नाही. जाणकाराच्या हाताने उघडायची आहे. घरच्यांच्या संमतीने क्रमांक चारच्या पानामागे आजीचे नाव पेन्सिलीने लिहिले, त्याखाली ते सांगणाऱ्या नातीचे, आणि तारीख घातली. ही नावे मी येथे देणार नाही.

दहा पाने उरली आहेत. १९८८ च्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यात एक किराणा दुकानदार उधारीच्या वहीत उलट्या बाजूने लिहून घेत असे. त्याच्यापाशी आपले आई-वडील, आजी-आजोबा बसले होते असे ज्यांना आठवत असेल, त्यांनी कृपया कळवावे. मी येईन, वाचून दाखवीन.